तीन म्हशींची खोली

सत्तर-बहात्तरच्या सुमाराची गोष्ट. नागपूरच्या स्टेशनावर उतरून सायकलरिक्षावाल्याला "रामदासपेठ, चंपतराव संत्रेदलालांचं घर" असं सांगितलं, तर तो गमछ्यानं मान पुसत दुसऱ्या रिक्षावाल्याकडे बघायचा. "सुभद्राबाईची खोली" म्हटलं की पुढचं न ऐकता पायडलवर पाय. वाटेत तो वर चौकशीही करायचा, "कोन भरती हाय जी दवाखान्यात?"

आता चंपतरावांचं घर रस्त्यावरचं, दगडी जोत्याचं, सामोर ऐसपैस बैठक असलेलं. आणि सुभद्राबाईची खोली म्हणजे त्याच घराच्या परसातला टिनाच्या छपराचा गोठा. तरी पोस्टमनसुद्धा नव्या पोस्टमनला समजावून सांगताना म्हणायचा, "दलालसाहेबाचं घर ना? ते सुभद्राबाईच्या खोलीच्या मांगं हाय." रस्त्यावरचं घर परसातल्या गोठ्याच्या मागं कसं असेल, हे भूगोलाच्या मास्तरांनाही सांगता आलं नसतं. पण हा भूगोल सुभद्राबाईनं बारा वर्षं खपून बदलला होता, आणि तोही निव्वळ रागाच्या जोरावर.

आम्ही शेजारच्या घरात भाड्यानं राहायचो. त्यामुळे या रागाचं बी पेरलं गेलं तेव्हाही आम्ही हजर होतो आणि पीक कापलं गेलं तेव्हाही.

सुभद्राबाई सक्करदऱ्याकडची. नवरा मनोहरराव एका छापखान्यात खिळे जुळवायचा. एकसष्ट साली टायफॉइडनं तो गेला, तेव्हा ती सव्वीसची होती आणि पोरगी गोपिका सहाची. चौदावा झाला आणि पंधराव्या दिवशी त्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे चंपतरावांनी, हिस्सेवाटणीची बैठक बोलावली.

चंपतराव संत्र्याचे दलाल. संत्र्याची पेटी कशी भरायची हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. वरच्या थरात मुलाच्या डोक्याएवढी संत्री आणि खाली लिंबाएवढी. घराची वाटणीही त्यांनी तशीच केली. एक वाटा म्हणजे रस्त्यावरचं घर, बैठक, मधली खोली, स्वयंपाकघर. दुसरा वाटा म्हणजे मागचा गोठा, गोठ्याला लागून कडबा ठेवायची पडवी, विहीर आणि कडुलिंबाचं झाड. गोठा रिकामाच होता, कारण म्हशी चंपतरावांनी आदल्या आठवड्यात विकल्या होत्या. म्हशी वाटणीत आल्या असत्या, ही भानगड त्यांना नको होती.

आमच्याकडे वाटणीची एक रीत आहे. थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. रीत शहाणी आहे. ज्याला मागून उचलायचं आहे, तो वाटे पाडताना आपसूकच प्रामाणिक होतो. पंच म्हणून आलेल्या रामाजीमामांनी तेवढ्यासाठी दाराकडे तोंड करून विचारलं, "बोल वं सुभद्रे, कोन्ता वाटा उचलतेस?"

दाराआड सुभद्राबाई डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर ओढून उभी होती. आता दुसरी रीत. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्याकडे भासरा म्हणतात, आणि भासऱ्याशी सून बोलत नाही. त्याच्यासमोर तोंडही उघडत नाही आणि डोकंही. तिनं कसंबसं बोट पुढच्या घराकडे केलं. ते पदरातच राहिलं.

चंपतरावांनी क्षणभर वाट पाहिली. अगदी क्षणभर. मग म्हणाले, "बाईमानूस हाय मामा, तिले काय समजते? तिच्यातर्फे मीच उचलतो." आणि तिच्यातर्फे त्यांनी गोठा उचलला.

रामाजीमामा कसेनुसे झाले. "अगा चंपत, मायलेकीनं गोठ्यात राहाचं का?"

"काहून नाही?" चंपतराव पानाला चुना लावत म्हणाले. "तीन म्हशी आरामात राहात होत्या त्याच्यात. ह्या तं दोघीच हाय."

बैठकीत दोन-चार जण हसले. सुभद्राबाईनं ते हसणं मोजून ठेवलं आणि ते वाक्य गाठीला बांधलं. पुढे ती म्हणायची, "नवरा गेला तवा रडली मी. गोठा भेटला तवा नाही रडली. पर ते म्हशीचं वाक्य आइकलं, आन् मंग म्या ठरोलं, हे वाक्य मी त्याईच्या दारात नेऊन घालीन. त्याईच्याच आवाजात. त्याच्याआधी मराची नाही."

माणसं काशीला जायचं ठरवतात, चारधाम ठरवतात. सुभद्राबाईनं हे ठरवलं.

गोठ्यात राहायला गेली त्या दिवशी पहिल्याच फेरीला कडब्याच्या पडवीच्या दारातला आडवा बांबू तिच्या कपाळाला लागला. टेंगूळ आलं. पुढच्या बारा वर्षांत तिनं त्या गोठ्याचं काय काय केलं! जमीन फरशीची केली, भिंतींना चुना दिला, टिनाखाली बोरूची चटई ठोकली, उन्हाळ्यासाठी खिडकीला वाळ्याचा ताटा लावला, मधे आडभिंत घालून एकाच्या दोन खोल्या केल्या. फक्त पडवीतला तो बांबू वर केला नाही. गवंड्यानं दोनदा विचारलं. "राहू दे गा," म्हणाली, "तो एकासाठी ठेवला हाय."

हे सगळं झालं कशावर, तर चंपतरावांच्या कृपेवर. त्याचं असं झालं. सुभद्राबाई सुरुवातीला जायला-यायला पुढच्या घराच्या बाजूनं जो चिंचोळा बोळ होता, तो वापरायची. तिच्या वाळत घातलेल्या गोवऱ्या बैठकीतल्या व्यापाऱ्यांना दिसतात, म्हणून चौसष्ट साली चंपतरावांनी बोळाच्या तोंडाशी आणि परसाच्या मधोमध पुरुषभर उंचीची भिंत घातली. "मांगच्या गल्लीतून जात जा म्हनावं." मागची गल्ली म्हणजे तेव्हा डुकरं आणि बेशरमाची झुडपं. आणि भिंतीचा चुना वाळतो न वाळतो तोच, त्या गल्लीच्या पलीकडे एक दवाखाना उभा राहिला. दोन मजली. डोळ्याचं आणि पोटाचं ऑपरेशन करणारा.

दवाखान्यात पेशंटला खाट मिळायची. पेशंटबरोबर आलेल्यांना कुठली? उमरेड, काटोल, वणी, आर्णीकडची माणसं गाडग्या-मडक्यांसकट यायची आणि गल्लीत कडुलिंबाच्या सावलीत पथाऱ्या पसरायची. तीन विटांच्या चुलीवर पेशंटसाठी मुगाचं पाणी उकळायची. कडुलिंब सुभद्राबाईचा. एका दुपारी तिनं त्यांतल्या एका बाईला आत बोलावलं, चूल दिली, विहिरीचं पाणी दिलं, पडायला अर्धा गोठा दिला. बाई नऊ दिवस राहिली. जाताना हातावर दिवसाचा रुपया ठेवून गेली. सुभद्राबाई रुपयांकडे बघत राहिली आणि मग भिंतीकडे वळून म्हणाली, "भिंती वं, तुले घालनाऱ्याचं भलं होवो."

हो, ती भिंतीशी बोलायची. भासऱ्याशी बोलायचं नाही ही रीत तिनं अखेरपर्यंत मोडली नाही. पण भिंतीशी बोलू नये असं कुठं कोणी म्हटलं आहे? भिंतीच्या पलीकडे चंपतराव आरामखुर्चीत वाचत बसलेले असायचे.

"भिंती वं, इचार त्यायले, माह्या झाडाचा पाला तिकडे पडते तं राग येते, आन् सावली पडते तवा खुर्ची काहून सरकवते?"

पलीकडे पेपर फडफडायचा.

खोलीचे नियम होते. एक जाड वही होती, गोपिकानं रेघा मारलेली. नाव, गाव, दवाखान्यात कोण, त्याचं तुमचं नातं काय. हे लिहिल्याशिवाय खाट नाही. दवाखान्यात कोणी नसेल तर कितीही पैसे दिलेत तरी खोली नाही. अधिवेशनाच्या दिवसांत डिसेंबरात पुढाऱ्यांच्या मागं फिरणारी मंडळी जागा शोधत यायची, दुप्पट भाडं द्यायला तयार असायची. "कोनाचं ऑपरेशन हाय?" ती विचारायची. "कोनाचंच नाही? मंग जा गा."

आणि एक नियम वहीत नव्हता. पहिला दिवस पाहुणा काळजीत असायचा, त्याला ती काही बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, पेशंट बोलायला लागला, घास जाऊ लागला, की चहाचा कप हातात देऊन ती त्याला आपली गोष्ट सांगायची. वाटे, पदर, बोट, पान, चुना आणि शेवटी म्हशी. चंपतरावांचा आवाज ती असा काढायची की विहिरीवरची बाई घागर ठेवून बघायला यायची. पाहुणा आठ-पंधरा दिवसांनी गावी जायचा. जाताना औषधाच्या बाटल्यांबरोबर ती गोष्टही घेऊन जायचा. पेपरवाले जिथं पोचत नव्हते, तिथं सुभद्राबाईच्या म्हशी पोचल्या.

संत्र्याच्या बाजारात मग चंपतरावांना चमत्कारिक अनुभव येऊ लागले. वरूडकडचा एखादा बागाईतदार माल उतरवून पत्ता विचारायचा आणि चेहरा उजळून म्हणायचा, "रामदासपेठ? म्हंजे तुमीच ते तीन म्हशीवाले का?" चंपतराव लाल व्हायचे. त्याला वाटायचं, आपण ओळख काढली म्हणून साहेब खूश झाले.

चंपतरावांनी आपल्या परीनं खूप केलं. सहासष्ट साली उमरेडकडचा लहानू आणि त्याची बायको अंजनाबाई लहानूच्या आईचा डोळा घेऊन आले. म्हणजे आईसकट. छप्पन साली दीक्षा घेतलेलं कुटुंब. लहानू प्राथमिक शाळेत मास्तर, बोलायला मऊ. अंजनाबाई मऊ नव्हती. तिनं विहिरीवर घागर बुडवली तशी भिंतीवरून चंपतरावांचं डोकं वर आलं. "विहीर बाटवली! सात पिढ्यायची विहीर बाटवली!"

अंजनाबाईनं दोर ओढता ओढता वर पाहिलं. "सात पिढ्या एवढी लहान विहीर पुरली का जी तुमाले?"

आणि सुभद्राबाई भिंतीला म्हणाली, "भिंती वं, सांग, विहीर त्यायनंच माह्यातर्फे उचलली. आता त्यायनं नळाचं प्यावं. याच्यापुढं माह्या विहिरीचं पानी ज्याले अंजनाबाई देईन, त्यालेच भेटन."

मग चंपतरावांनी कार्पोरेशनला निनावी अर्ज केला, की परवान्याशिवाय धर्मशाळा चालते. एक अधिकारी आला. भला माणूस होता, घामाघूम झालेला. सुभद्राबाईनं त्याला पाणी दिलं आणि म्हणाली, "धरमशाळा कुठली साहेब? पाव्हने हायत."

अधिकाऱ्यानं वणीच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाई तुमच्या कोण?"

"मावसबहीन," म्हातारा म्हणाला.

"आणि तुमच्या?"

"माह्या नंदेची जाऊ," अंजनाबाई म्हणाली.

कोपऱ्यात आर्णीचे एक दाढीवाले कापडवाले चाचा नमाज आटपून चटई गुंडाळत होते. अधिकाऱ्यानं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. चाचा गंभीरपणे म्हणाले, "मैं तो साब, दामाद लगता हूँ." अधिकाऱ्यानं वही मिटली, आणखी एक पेलाभर पाणी प्याला आणि जाताना विचारलं, "बाई, माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. पुढच्या महिन्यात जागा होईल का?"

अशी वर्षं गेली. गोपिका मॅट्रिक झाली. पलीकडे चंपतरावांची शामला लग्नाची झाली. ही शामला मात्र भिंतीला मानत नसे. लहानपणापासून ती पालथ्या घमेल्यावर उभी राहून भिंतीवरून काकूशी गप्पा मारायची, आणि काकू तिला वरून भाकरीचा तुकडा नि ठेचा द्यायची. सुभद्राबाईचा राग हिशेबी होता. तो बरोबर एका माणसाच्या मापाचा शिवलेला होता, दुसऱ्या कोणाला होत नव्हता.

त्र्याहत्तरच्या मे महिन्यात शामलाचं लग्न ठरलं. मुलगा मधुकर, वीज मंडळात ओव्हरसियर. बाप आनंदराव, काटोलचा संत्रीवाला. पत्रिका छापल्या, मांडव बैठकीसमोर रस्त्यावर घालायचं ठरलं, वरपक्षाच्या जानवशासाठी धरमपेठेतल्या एका शाळेचे वर्ग घेतले. सगळ्या मोहल्ल्यात अक्षता फिरल्या. आमच्या घरी आल्या. रस्त्याच्या टोकाच्या शिंप्याकडे गेल्या. परसात गेल्या नाहीत.

सुभद्राबाई भिंतीला काही म्हणाली नाही. त्या दिवशी ती फक्त पडवी झाडत होती. कडबा कधीच संपलेली, जुनी पोती आणि सरपण भरलेली पडवी. सरपण बाहेर काढलं, जमीन सारवली. आम्ही विचारलं, "काय वं, नवीन पाहुणे का?" म्हणाली, "येतीन."

आणि लग्नाच्या दहा दिवस आधी आनंदराव काटोलहून आले, बैठकीत बसले, सरबत प्याले आणि म्हणाले, "चंपतराव, सगळं बेस हाय. एकच सांगाचं राहिलं. जानोसा शाळेत नको. सुभद्राबाईच्या खोलीत पायजे."

चंपतरावांच्या हातातली सुपारी अडकित्त्यातच राहिली. "कोण सुभद्राबाई?"

"बाप्पा! तुमच्या भावाची बायको." आनंदराव मांडी घालून बसले. "एकोनसत्तरात माह्या बायकोचं पोटाचं ऑपरेशन झालं. एकोनीस दिवस त्या खोलीत काढले म्या. तिच्या पेजीवर माही बायको उठली. तवाच सांगून गेलो होतो, बाई, पोराची वरात तुह्याच अंगनातून काढीन. आता देवाच्या मनात हाय म्हनून तुमचंच घर भेटलं." मग जरा थांबून, डोळे बारीक करून म्हणाले, "आन् थे म्हशीचं बी आइकलं हाय म्या. दुसऱ्याच दिवशी."

"तिथं जागा नाही, व्याहीबुवा. टिनाचं छप्पर आहे, गरम—"

"तीन म्हशी आरामात राहात होत्या म्हने," आनंदराव म्हणाले. "आमी तीसच जन हाव."

हे आम्हाला नंतर कळलं, ते शामलानंच घमेल्यावर चढून सांगितलं म्हणून. ती हसत होती आणि रडतही होती. "काकू, बाबा हो म्हणतीन ना वं?"

"तुह्या बापाले म्हनावं, गल्लीतून या," सुभद्राबाई म्हणाली. "खोली पायजे त्यानं गल्लीतून याचं असते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, रस्त्यावरचं डांबर पाघळत असताना, चंपतराव काळी छत्री उघडून अर्धा मैल वळसा घालून मागच्या गल्लीत आले. बायको इंदूबाई अक्षतांचं ताट घेऊन मागं. बारा वर्षांत ते या बाजूला पहिल्यांदा येत होते. फाटकाशी खाटेवर अंजनाबाई बसली होती. लहानूच्या आईचा पहिला डोळा सहासष्टात झाला होता, दुसऱ्याचं ऑपरेशन आता व्हायचं होतं. या मुक्कामात सुभद्राबाईच्या गैरहजेरीत वही अंजनाबाईकडे असायची आणि त्या दिवशी सुभद्राबाई दाराआड असूनही ती अंजनाबाईकडेच होती.

"नाव?" अंजनाबाईनं विचारलं.

"तुला माहीत आहे माझं नाव."

"मले माहीत हाय. वहीले माहीत नाही."

चंपतरावांनी नाव सांगितलं. गाव सांगितलं.

"दवाखान्यात कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग खोली भेटत नाही जी. नियम हाय."

इंदूबाई ताट सावरत पुढं झाली. "सुभद्रे, अशी करू नको वं. पोरीचं लग्न हाय. अक्षता आनल्या हाय मी. माह्या मनात तं पयल्या दिवसापासून द्याच्या होत्या."

दाराआडून सुभद्राबाईचा हात आला, तिनं इंदूबाईच्या ताटातल्या अक्षता घेतल्या, कपाळाला लावल्या. मग तिनं तोंड भिंतीकडे केलं. "भिंती वं, सांग त्यायले. शामलेसाठी खोली देते. पर माह्या खोलीत आज दवाखान्याची चार बिऱ्हाडं हायत. लग्नासाठी मी पेशंटच्या मानसाले बाहेर काढत नाही. त्यायनं त्यायची बैठक खाली करावी. तीन दिवस माहे पाव्हने बैठकीत राहातीन. चुलीसकट."

चंपतरावांनी खाटेवरच्या अंजनाबाईकडे पाहिलं. आढ्याकडे बघत पडलेल्या लहानूच्या आईकडे पाहिलं. चटईवरच्या आर्णीच्या चाचांकडे पाहिलं, जे या खेपेला स्वतःच्या पोटासाठी आले होते. "हे? माझ्या बैठकीत?"

"भिंती वं, नको असन तं शाळा हाय म्हनावं. आनंदरावाले तार कराले पोस्ट बी जवळच हाय."

चंपतरावांनी छत्री मिटली. उन्हातच मिटली, आणि "ठीक आहे" म्हणाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी काटोलहून दोन ट्रक आले. वरपक्ष मागच्या गल्लीतून उतरला आणि त्या दोन खोल्यांत नि कडुलिंबाखाली खाटांवर पसरला. वाळ्याच्या ताट्यावर पाणी मारलेलं, कोपऱ्यात रांजण, सगळं ठाकठीक. पुढच्या बैठकीत चंपतरावांच्या गाद्यांवर लहानूची आई हिरवी पट्टी बांधून झोपली होती, अंजनाबाईनं ओसरीवर चूल मांडली होती, आणि चाचा लग्नाला आलेल्या व्यापाऱ्यांचं स्वागत करत होते, "आइये, आइये." मधल्या खोलीत इंदूबाईचं माहेर उतरलं होतं. स्वयंपाकघरात आचारी. नळाला सकाळपासून पाणी नव्हतं, मे महिना, नेहमीचंच. आचाऱ्यानं पाणी विहिरीवरून आणायला लावलं. अंजनाबाई दोर ओढत होती आणि लहानू मास्तर घागरी भिंतीवरून पलीकडे देत होता.

आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला, वरपक्षाचा चहा चालू असताना, चंपतराव आणि इंदूबाई गल्लीतून आले. चंपतरावांच्या हातात वळकटी, इंदूबाईच्या डोक्यावर छोटी ट्रंक. घर दलालाचं, लग्न दलालाच्या पोरीचं, आणि दलालाला पाठ टेकायला जागा राहिली नव्हती. मांडवात झोपावं तर आचाऱ्याची माणसं, ओसरीत झोपावं तर चूल.

चंपतराव भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "एक रात्र... कुठं तरी टेकायला..."

सुभद्राबाई चहाची केटली घेऊन अंगणात उभी होती. तिनं केटली खाली ठेवली. डोक्यावरचा पदर हळूच मागं घेतला, खांद्यावर टाकला. अंगणातल्या तीस माणसांना एका बाईचं डोकं दिसलं, एवढंच. पण इंदूबाईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. बारा वर्षांत पहिल्यांदा सुभद्राबाईनं भासऱ्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"दादाजी," ती म्हणाली. भिंतीला नाही. त्यांना. "दोन वाटे हायत. एक ही कडब्याची पडवी. दुसरा तो विहिरीजवळचा धुण्याचा दगड. मी पाडले, म्हनून उचलाचे तुमी. रीत हाय."

चंपतरावांनी नकळत पडवीकडे हात केला.

"थांबा," सुभद्राबाई म्हणाली. "तुमी पुरुषमानूस. खोलीतलं तुमाले काय समजते? तुमच्यातर्फे मीच उचलते."

बश्यांतला चहा बश्यांतच राहिला.

"पडवी," ती म्हणाली. "आन् जागा लहान हाय असं मनात आनू नका. बाजूलेच तीन म्हशी आरामात राहात होत्या. तुमी तं दोघंच हा."

आवाज तोच होता. पानाला चुना लावता लावता बोलल्यासारखा. ते वाक्य काटोल, वणी, आर्णी, उमरेड असा सगळा विदर्भ फिरून आपल्या मालकाकडे परत आलं होतं.

आनंदरावांना ठसका लागला, तो दोन माणसांनी पाठ थोपटून थांबवावा लागला. वळकटी उचलून चंपतराव पडवीच्या दारात शिरले आणि तो आडवा बांबू त्यांच्या कपाळावर असा वाजला, की गल्लीतलं कुत्रं उठून बसलं. ते मटकन खाली बसले. इंदूबाई धावली, "पानी, पानी आना कोनी!"

अंजनाबाईनं घागरीतून पेला भरला आणि पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली. "विहिरीचं हाय जी. चालते ना?"

चंपतरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेल्याकडे. कपाळावर टेंगूळ वर येत होतं. त्यांनी पेला घेतला आणि सगळा प्याला.

"आनखी पायजे?" अंजनाबाईनं विचारलं.

"दे," चंपतराव म्हणाले.

लग्न झकास झालं. वरात सुभद्राबाईच्या अंगणातून निघाली, गल्लीतून वळसा घेत रस्त्यावर आली, बँडवाल्यांना अर्धा मैल जास्त वाजवावं लागलं. शामला निघताना आधी काकूच्या गळ्यात पडली. चौथ्या दिवशी चंपतराव पुढच्या घरात परत गेले. जाण्याआधी अंजनाबाईनं वही सामोर ठेवली, कारण नियम सगळ्यांना सारखा. ती ओळ मी पाहिली आहे. नाव: चंपतराव. दवाखान्यात कोण: कोणी नाही. आणि नात्याच्या रकान्यात त्यांच्याच वळणदार दलाली अक्षरात: भासरा. रोजचा दीड रुपया त्यांनी बायकोकडून देववला आणि सुभद्राबाईनं तो घेतला.

संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर येऊन टेकली. बारा वर्षं उराशी धरलेलं काम संपल्यावर माणूस कसा दिसतो, हे आम्हाला बघायचं होतं. आमच्या घरातून विचारलं, "काय वं सुभद्रे, आता तं तो बांबू वर करशीन? झालं ना समाधान?"

सुभद्राबाईनं पडवीकडे पाहिलं. बोटांवर हिशेब केला.

"नाही जी," म्हणाली. "बांबू राहू द्या. म्हशी तीन होत्या. हे दोघंच झोपले. एकीची जागा बाकी हाय."